नानांना ओट्यावर पोरं दिसतात

शिरपूर तालुक्यातल्या एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव नको म्हणाल्यात, म्हणून ते गाळून पत्राचा गाभा देते.

“माझे सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, ७८ वर्षांचे आहेत. बरीच वर्षं शुगर आहे. काचबिंदूने डावा डोळा पूर्ण गेला, उजव्याने अंधूक दिसतं. पोळ्यानंतर एक दिवस तिन्हीसांजेला मला म्हणाले, ‘ओटावर ह्या कोना पोरे बठेल शेतस? त्यासले पानी दे.’ ओट्यावर कोणीच नव्हतं. मग हळूहळू कळलं की रोजच काही ना काही दिसतं. लाल फेटे बांधलेली हातभर उंचीची माणसं, झूल घातलेल्या बैलांची रांग, कधी भिंतभर जाळीची नक्षी. माझे मालक म्हणतात, म्हातारचळ लागला. नणंद म्हणते, यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांची घागर घाईघाईत भरली, त्याचं हे फळ. शेजारचे भगताकडे दाणे बघा म्हणतात. सुरतचे दीर म्हणतात, मेंटल डॉक्टरला दाखवा. हे सगळं कानावर पडल्यापासून नानांनी बोलणंच टाकलं. परवा मी एकटी होते तेव्हा हळूच म्हणाले, ‘माले माहीत शे, तठे कोनीच नही. तरी दिखतस.’ ताई, त्यांना दिसलं की मी ‘हो’ म्हणू की ‘नाही’ म्हणू? आणि त्यांना न्यावं कुठं?”

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंय. ‘माहीत शे, तठे कोनीच नही. तरी दिखतस.’ ज्याचं डोकं ठिकाणावर नाही तो माणूस असं बोलत नाही. नानांचं डोकं शाबूत आहे, म्हणून तर त्यांना खरं काय नि भास काय हे कळतंय आणि म्हणूनच ते घाबरलेत. आपल्याला वेड लागतंय की काय, या भीतीने त्यांची वाचा बसली आहे. दिसण्यापेक्षा ही भीती मला जास्त काळजीची वाटते.

पत्रावरून निदान करता येत नाही, तपासणी लागेलच. पण तुम्ही जे लिहिलंय ते एका ओळखीच्या दुखण्याशी तंतोतंत जुळतं. नजर बरीचशी गेलेल्या माणसांना होणारं हे दुखणं, त्याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. ते वेड नाही, म्हातारचळ नाही आणि बाहेरचं तर मुळीच नाही. नजर कमी झालेल्या अनेक म्हाताऱ्या माणसांना ते असतं. बहुतेकजण नानांसारखेच गप्प बसतात, त्यामुळे गावात ‘असं आमच्याही आबांना होतं’ असं कुणी सांगत नाही.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण घरच्यांना तुम्हालाच पटवायचंय.

डोळा बघतो असं आपण धरून चालतो. खरं तर डोळा फक्त माल पाठवतो, बघण्याचं काम होतं मेंदूत, तेही डोक्याच्या मागच्या बाजूला. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या आसपास असतात, पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू असतात फक्त १० ते १२ लाख. म्हणजे निघतानाच माहितीची मोठी छाटणी झालेली असते. त्यात बारीक अक्षर वाचता येईल इतकं स्वच्छ दिसतं ते पडद्याच्या अगदी मधल्या तुकड्यातून. हात लांब केला तर अंगठ्याचं नख जेवढी जागा झाकतं, साधारण तेवढीच ती जागा. बाकीचं सगळं पुसट. हा पुसटपणा भरून काढायला डोळा सेकंदाला तीनेक वेळा इकडून तिकडे उडी घेतो, आणि उडी चालू असतानाचं फरफटलेलं चित्र मेंदू दाबून टाकतो. आरशासमोर उभं राहून आधी स्वतःच्या एका डोळ्यात बघा, मग दुसऱ्यात. तुमचे डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र दिसतील.

याहून पक्का पुरावा हवा असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांना बसवा आणि मुलांच्या रेघांच्या वहीचं पान घ्या. रेघा आडव्या राहतील असं पान धरून एका रेघेवर डावीकडे लहानशी फुली काढा. त्याच रेघेवर उजवीकडे, पट्टीने मोजून ८ सेंटिमीटरवर, वाटाण्यापेक्षा लहान काळा ठिपका भरा. डावा डोळा हाताने झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच एकटक बघा, आणि वही चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे एका पट्टीएवढ्या अंतरावर धरून सावकाश थोडी पुढे-मागे करा. एका जागी ठिपका नाहीसा होईल. नजर फुलीवरून ठिपक्याकडे पळवायची नाही एवढंच पथ्य. आता ठिपका गेला तिथे काय दिसतंय ते विचारा. भोक दिसत नाही, काळोख दिसत नाही. रेघ सलग गेलेली दिसते!

डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. ही आंधळी जागा सतराव्या शतकात एदम मारियोत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिली. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या डोळ्यात ती जन्मापासून आहे. तिथली रेघ डोळ्याने कळवलेली नसते, शेजारच्या रेघेवरून मेंदूने ती ओढून घेतलेली असते. तुमच्या मालकांना हे स्वतःच्या डोळ्याने करायला लावा. धडधाकट माणसाचाही मेंदू दिवसभर नसलेलं दाखवतो हे त्यांनी एकदा अनुभवलं, तर नानांना ‘म्हातारचळ’ म्हणताना जीभ अडखळेल.

आणि मेंदू हे केवळ भोकं बुजवायला करत नाही. डोळ्याकडून येणारी माहिती मेंदूत खोलवर असलेल्या एका ठाण्यावर थांबते आणि तिथून पुढे डोक्याच्या मागच्या भागात जाते. त्या ठाण्यावर येणाऱ्या जोडण्या मोजल्या तर डोळ्याकडून आलेल्या जेमतेम एक दशांश भरतात. उरलेल्यांत मोठा हिस्सा मेंदूच्याच इतर भागांकडून, उलट दिशेने आलेला असतो. म्हणजे मेंदू बसून चित्राची वाट बघत नाही. तो आधीच अंदाज बांधतो आणि डोळ्याकडून आलेल्या मालाशी ताडून पाहतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६०च्या दशकातच हे मांडलं होतं, की बघणं म्हणजे नकळत केलेलं अनुमान.

आता नानांकडे या. काचबिंदूने त्यांच्या नसेचे तंतू वर्षानुवर्षं झडत गेले. डाव्या बाजूने माल येणं बंद, उजवीकडून थोडासा. पण मेंदूतला बघण्याचा कारखाना चांगला आहे, तो थांबलेला नाही. दाणे संपले तरी जातं फिरत राहिलं तर दगडावर दगड घासून काहीतरी खाली पडतंच, तसं हे होतं. आत येणारं काही नाही म्हटल्यावर त्या भागातल्या पेशी आपणहून पेटू लागतात, आणि त्या पेटल्या की माणसाला ‘दिसतं’. हे निरोगी माणसातही करून बघितलंय. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगली नजर असलेल्या १३ जणांचे डोळे पाच दिवस बांधून ठेवले होते. त्यातल्या १० जणांना काही ना काही दिसू लागलं, बहुतेकांना पहिल्या एक-दोन दिवसांतच. कुणाला नुसते प्रकाशाचे ठिपके, कुणाला चेहरे, कुणाला देखावे. पट्टी सोडल्यावर सगळं थांबलं.

नाना खोटं सांगत नाहीत याचाही पुरावा आहे. लंडनमध्ये डॉमिनिक फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा रुग्णांचे मेंदू, त्यांना भास होत असतानाच, स्कॅन केले. रंग दिसत होते तेव्हा मेंदूतला रंगांचं काम करणारा भाग जागा झालेला होता. चेहरे दिसत होते तेव्हा चेहऱ्यांचं काम करणारा भाग. खरा चेहरा समोर आल्यावर मेंदूत जिथे खळबळ होते तिथेच ती होती, फक्त समोर चेहरा नव्हता. कल्पना करणं वेगळं आणि हे वेगळं. म्हणून ‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका’ असं नानांना सांगून उपयोग नाही. त्यांना ते खरोखर दिसतं, आणि पुष्कळदा त्यांच्या उरलेल्या नजरेने दिसणाऱ्या खऱ्या वस्तूंपेक्षा स्वच्छ दिसतं. उजव्या डोळ्याने तुमचा चेहरा धूसर, आणि त्या पोरांच्या फेट्याचा पीळसुद्धा लख्ख! म्हाताऱ्या माणसाने यावर काय समजावं?

या दुखण्याला ज्यांचं नाव आहे ते चार्ल्स बोने जिनिव्हाचे विद्वान. त्यांनी १७६० साली आपल्या आजोबांची हकीकत लिहिली. नव्वदीला टेकलेल्या, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेल्या पण नजर गेलेल्या त्या आजोबांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. आणि आजोबांना पक्कं ठाऊक होतं की यातलं समोर काही नाही. तेव्हापासून जगभरचे रुग्ण जे सांगत आलेत ते वाचलं तर तुम्हाला नानाच बोलताहेत असं वाटेल. बुटकी माणसं, डोक्यावर मोठाल्या टोप्या किंवा पागोटी, जुन्या थाटाचे पोशाख, जनावरं, विटांसारखी किंवा जाळीसारखी नक्षी. आवाज नाही, वास नाही. ती माणसं बोलत नाहीत, यांच्याकडे बहुधा बघतही नाहीत. जिनिव्हाच्या म्हाताऱ्याला घोडागाड्या दिसल्या असतील, खान्देशातल्या शेतकऱ्याला झुलीचे बैल दिसतात. यात गूढ काही नाही.

पितरांबद्दल नणंदबाईंना एवढंच विचारा. या दुखण्यात दिसणारे चेहरे बहुतेक वेळा अनोळखी असतात, आणि नानांनी पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारलं, ‘कोना पोरे?’ म्हणजे कुणाची पोरं? घरची पितरं नानांनी ओळखली नसती का? घागर पुढच्या आखाजीला मनासारखी भरा, डांगर-आंबा ठेवा, माझं काही म्हणणं नाही. ती आपली रीत आहे आणि नणंदबाईंच्या मनाला तिने बरं वाटेल. पण ती घागर काचबिंदूच्या नसेपर्यंत पोचत नाही.

भगताचं मात्र मी स्पष्ट सांगते, नेऊ नका. नुसते दाणे बघून तो गप्प बसला तरी नानांच्या मनात ‘मला लागलंय’ हे कायमचं बसेल, आणि नेमकी तीच भीती आपल्याला काढायची आहे. पुढे जाऊन भूत उतरवायच्या नावाखाली मिरचीची धुरी देणं, बांधणं, मारणं झालं तर महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. शुगर असलेल्या, एक डोळा उरलेल्या माणसाच्या डोळ्यात मिरचीचा धूर जाणं, या विचारानेच माझ्या अंगावर काटा येतो.

आता तुमचा प्रश्न, ‘हो’ म्हणू की ‘नाही’. दोन्ही नको. ‘हो, मलाही दिसली पोरं’ म्हणालात तर नानांना जे खरं-खोटं कळतंय त्याचाच पाया हलेल. ‘कोणी नाही तिथं, उगाच काहीही बोलता’ म्हणालात तर ते पुन्हा गप्प होतील. असं म्हणा, “नाना, मला नाही दिसत, पण तुम्हाला दिसतं हे मला माहीत आहे. काय दिसतंय, सांगा बरं.” आणि मग ऐका. किती जण, काय घातलंय, उभे की बसलेले, हलतात का. उत्सुकतेने विचारा, पोलिसांसारखं नको. त्यांनी सांगितलेलं एका वहीत टिपून ठेवा, तारीख आणि वेळ घालून. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडेल. आणि या सगळ्याआधी, शक्य तर आजच, त्यांना एकट्याला बसवून हे दुखणं समजावून सांगा. डोळ्यांमुळे होतं, मेंदू ठणठणीत आहे, जगात अनेकांना होतं. हे नुसतं कळण्याने पुष्कळ लोकांचं अर्धं दुखणं उतरतं. या दुखण्यावर हमखास लागू पडणारी गोळी नाही, आणि बहुतेकांना गोळीची गरजही पडत नाही.

दिसू लागलं की करायचे काही उपाय आहेत. हे भास बहुधा उजेड कमी झाल्यावर आणि माणूस निवांत एका जागी बसल्यावर येतात. तुमच्याकडे तिन्हीसांजेला, ओट्यावर, हे अगदी ठरल्यासारखंच आहे. तेव्हा दिवेलागणीच्या आधीच ओट्यावरचा दिवा लावा, चांगल्या उजेडाचा. नानांना त्या वेळी एकटं बसू देऊ नका, कुणीतरी गप्पा मारा, रेडिओ लावा. तरीही दिसलंच तर त्यांनी दोन-चार वेळा डोळे घट्ट मिटून उघडावेत, उठून उभं राहावं, दोन पावलं चालावं, किंवा हात लांब करून त्या आकृतीला शिवायला जावं. अनेकांच्या बाबतीत एवढ्याने ती विरते. अजून एक युक्ती आहे, ती नानांकडून एकदा करून घ्या. समोरच्या भिंतीवर हातभराहून जास्त अंतर असलेल्या दोन जागा ठरवायच्या, डोकं न हलवता नजर एकीवरून दुसरीवर न्यायची, सेकंदाला एक फेरी, असं पंधरा-वीस वेळा. प्रत्येकाला प्रत्येक उपाय लागू पडत नाही, नानांना कुठला चालतो ते त्यांनाच शोधू द्या. आपल्या हातात काहीतरी आहे हे कळलं की भीती निम्मी होते. आणि कधी त्यांना ती बैलांची रांग बघत बसावंसं वाटलं तर बसू द्या. बऱ्याच रुग्णांना पुढे पुढे त्याचा त्रास वाटेनासा होतो.

एक जपायला हवं. नसलेल्या पोरांना वाट देताना खऱ्या पायरीवरून पाय जाऊ शकतो. ओट्याच्या कडेला आणि पायऱ्यांच्या धारेवर चुन्याचा ठळक पांढरा पट्टा ओढून घ्या.

न्यायचं कुठं? पहिल्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तुम्हाला धुळं जवळ आहे, तिथल्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे आणि गरज पडली तर मेंदू-मनाच्या तपासणीसाठी बाकीचे विभागही तिथेच आहेत. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, ती आशा लावून घेऊ नका. पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदूही असेल, किंवा शुगरमुळे पडदा खराब होत असेल, तर त्यावर इलाज आहे. नजर थोडी जरी सुधारली तरी भास कमी होतात, कधी थांबतात. जाताना घरातली सगळी औषधं, डोळ्यांच्या थेंबांसकट, एका पिशवीत घालून न्या. काही गोळ्यांनी आणि काही थेंबांनीही म्हाताऱ्या माणसाला भास होऊ शकतात, ते डॉक्टरांनी बघायला हवं. मात्र स्वतःच्या मनाने काचबिंदूचे थेंब एक दिवसही बंद करू नका. उरलेला डोळा त्यांच्यावर तग धरून आहे.

दीरांचा सल्लाही मी उडवून लावणार नाही. नानांना दिसणारी माणसं बोलू लागली, हुकूम देऊ लागली, किंवा नाना ‘ती खरीच आहेत’ म्हणून हट्ट धरू लागले, तर ते हे दुखणं नव्हे, मग मानसोपचाराचे किंवा मेंदूचे डॉक्टर बघायलाच हवेत. विसराळूपणा वाढला, हात थरथरायला लागला, चाल मंदावली आणि सोबत भास, तर तेही वेगळं प्रकरण असू शकतं. ताप आला, लघवीला जळजळ झाली आणि एका-दोन दिवसांत नाना बरळायला लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुगरच्या माणसात लघवीचा संसर्गही असं करतो. आणि एकाएकी एका बाजूचं दिसेनासं झालं, तोंड वाकडं झालं, हातातली शक्ती गेली किंवा उरलेल्या डोळ्यापुढे अचानक पडदा आला, तर मिनिटाचाही विचार न करता दवाखाना गाठा.

हे किती दिवस चालेल असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. पुष्कळांचं वर्ष-दीड वर्षात कमी होत जातं, काहींचं मात्र वर्षानुवर्षं अधूनमधून चालू राहतं.

शेवटी एक काम घरातल्या सगळ्यांसाठी. काचबिंदू रक्तात येतो. आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना असेल तर धोका बराच वाढतो, आणि सुरुवातीला दुखत नाही, लाल होत नाही, कडेची नजर गुपचूप जाते. कारण तेच, जे तुम्ही वहीच्या पानावर बघाल. गेलेली जागा मेंदू भरून काढतो, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. तुमचे मालक, सुरतचे दीर आणि नणंदबाई, तिघांनीही डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यायला हवी, चाळिशी उलटली असेल तर या महिन्यातच. नानांना धुळ्याला न्याल तेव्हा मालकांचाही केसपेपर काढा.